तालुक्याच्या ठिकाणी बिटकॉइन शिबिर: काय शिकवावं, काय टाळावं, आणि लाइटकॉइन, पाय, यूएसडीटीचं काय करावं

गोदाकाठ (नांदेड)

मराठवाड्यातल्या बऱ्याच गावांत बिटकॉइन (बँकेशिवाय चालणारं डिजिटल नाणं) हा शब्द पहिल्यांदा पोचला तो 'एवढे लावा, महिन्याला एवढे घ्या' म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून. त्यामुळे इथे प्रसार करणाऱ्याला आधी तो गैरसमज उपसावा लागतो, मग शिकवणं. खालचा शिबिराचा आराखडा नांदेड, परभणी, हिंगोलीकडच्या तालुक्यांसाठी आहे. जाणकारांनी चुका काढाव्यात.

वेळ अडीच तास, माणसं जास्तीत जास्त २४, फोन १२. दोघांत एक फोन मुद्दाम ठेवायचा: एक जण हाताने करतो, दुसरा पडद्यावरचं वाचून दाखवतो. एकट्याने करताना न वाचता बटण दाबलं जातं, ते इथे टळतं. जागा वाचनालयाची किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहाची. मंगल कार्यालय घेतलं की लोकांना कंपनीचा सेमिनार वाटतो, पुढच्या रांगेत एजंट येऊन बसतात.

खरा पैसा अजिबात वापरायचा नाही. सगळं साइनेटवर, म्हणजे बिटकॉइनच्या सरावाच्या जाळ्यावर. नियम जवळपास तेच, पण नाण्यांना किंमत नाही. कुणाची हरवली तर ओरड नाही, आणि आयोजकाने पैसे वाटले असा आळही नाही.

पहिल्या वीस मिनिटांत एवढंच सांगा: एकूण मर्यादा २ कोटी १० लाख, एका बिटकॉइनचे १० कोटी सॅट, सरासरी दहा मिनिटांना एक ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा, मागच्याला साखळीसारखा जोडलेला), दर २,१०,००० ब्लॉकांनी ब्लॉक जोडणाऱ्याचं बक्षीस निम्मं, एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५. बिटकॉइन बनवणारा नाकामोतो कोण, यावर गप्पा रंगतात पण त्यात अर्धा तास जातो. मग वॉलेट (नाणी सांभाळणारं ॲप) बनवणं, त्याने दिलेले बारा शब्द, म्हणजे वॉलेटची चावी, कार्डावर उतरवणं, नाणी घेणं, शेजारच्या जोडीला पाठवणं. त्यानंतर शिबिराचा गाभा: ॲप फोनवरून पुसून टाकायचं आणि नुसत्या कार्डावरून वॉलेट परत उभं करायचं. याला पाऊण तास राखून ठेवा. हे ज्याच्या हातून एकदा झालं, त्याला शब्दांचा फोटो व्हॉट्सॲपवर का टाकू नये हे वेगळं समजवावं लागत नाही. कार्ड असलेला कुणीही ते वॉलेट उघडू शकतो, हे त्याने आत्ताच करून पाहिलेलं असतं.

शब्द इंग्रजीतच, मोठ्या लिपीत लिहायचे. हे बारा शब्द ज्यातून येतात त्या मानक यादीत २,०४८ शब्द आहेत, आणि मराठी किंवा हिंदी यादी त्या मानकात नाही. लोक ऐकून देवनागरीत लिहितात आणि अडकतात. यादीत 'राइट' उच्चाराचे दोन शब्द आहेत, एक लिहिण्याचा, एक बरोबर या अर्थाचा. 'पीस'ही दोन: शांतता आणि तुकडा. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं यादीत एकमेव असतात, त्यामुळे इंग्रजी लिहायची सवय नसलेल्याने ती चार अक्षरं सुटी, ठळक काढली तरी पुरतं. एखादा शब्द चुकला तर ॲप सहसा नाकारतं, कारण शेवटच्या शब्दात चार बिटांची पडताळणी दडलेली असते. पण सोळांतून एकदा चुकीची यादीही वैध ठरते आणि रिकामं वॉलेट उघडतं. 'पैसे उडाले' अशी बोंब उठली की आधी कार्ड तपासा.

साहित्य: जाड कार्डं (३०० जीएसएम), बॉलपेन. जेलपेन नको, ओल लागली की शाई पसरते. लॅपटॉप एक, दोन वेगळ्या कंपन्यांची हॉटस्पॉट, एक्स्टेन्शन बोर्ड. सभागृह फुकट मिळालं तर चहासकट दीड हजारात भागतं. प्रवेश फी ठेवू नका.

दुधना (परभणी)

आराखडा चांगला आहे. साइनेटवर शिबिर का फसतं तेवढं सांगतो.

टेस्टनेट ३, टेस्टनेट ४ आणि साइनेट ही सरावाची तीन वेगळी जाळी आहेत, पण तिन्हींचे पत्ते 'टीबी१' नेच सुरू होतात. पत्ता बघून फरक कळत नाही. लॅपटॉपवर साइनेट आणि फोनवर टेस्टनेट असेल तर पाठवलेलं कधीच दिसणार नाही, आणि चूक झाली असं दोन्हीकडे कुणी सांगणारही नाही. फोनवर नंचक हे वॉलेट ठेवलं तर त्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये साइनेट निवडता येतं. लॅपटॉपवर स्पॅरो हे वॉलेट, तेही साइनेटवर. आदल्या दिवशी दोन्हींत एक व्यवहार करून बघा.

सरावाची नाणी फुकट देणाऱ्या नळाला, म्हणजे फॉसेटला, बहुतेक ठिकाणी आयपी पत्त्यावर, म्हणजे एका इंटरनेट जोडणीमागे, मर्यादा असते. बारा फोन एकाच हॉटस्पॉटवरून मागायला लागले की पहिल्याला मिळतात, बाकीच्यांना नकार. त्यामुळे आठवडाभर आधी लॅपटॉपच्या वॉलेटमध्ये नाणी जमवून ठेवा आणि तिथून वाटा.

वाटताना एकेकाला पाठवू नका. प्रत्येक व्यवहाराची उरलेली मोड पुढच्यात वापरली जाते, आणि पहिला व्यवहार ब्लॉकमध्ये गेला नसेल तर मागच्यांची साखळीच लागते. नोड (व्यवहार तपासणारे जाळ्यातले संगणक) अशी न पुष्टी झालेली साखळी सहसा २५ पर्यंत घेतात, पुढचं नाकारतात. स्पॅरो आणि इलेक्ट्रम या वॉलेटांत अनेकांना एकदम पाठवायची सोय आहे, ती वापरा. खऱ्या जाळ्यावर फीही वाचते: एक आवक-दोन जावक असा साधा व्यवहार सुमारे १४१ व्हीबाइटचा (हे आकाराचं माप, फी त्यावर ठरते), बारा वेळा केला तर १,६९२. तेच बारा जणांना एका व्यवहारात पाठवलं तर ४८० च्या आसपास.

आता दहा मिनिटांबद्दल. 'सरासरी' या शब्दावर जोर द्या. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, लोक घड्याळाकडे बघायला लागतात. खऱ्या जाळ्यावर प्रत्येक ब्लॉक मागच्याची आठवण न ठेवता येतो, त्यामुळे साधारण शंभरात पाच वेळा अर्ध्या तासाहून जास्त वाट पाहावी लागते. ही वाट चहाच्या वेळेत बसवा.

फोनचं हॉटस्पॉट बहुतेक मॉडेलांत दहाच्या आसपास जोडण्या घेतं, म्हणून दोन हवेत, हे गोदाकाठ यांनी लिहिलंच आहे. ॲप तिथे बसून उतरवू देऊ नका. जुन्या फोनांत जागा नसते आणि घाईत नकली ॲप येतं. नाव सारखं, चिन्ह सारखं, बनवणारा वेगळा. प्ले स्टोअरवर बनवणाऱ्याचं नाव वाचणं हाच शिबिराचा पहिला धडा करा.

बिंदुसरा (बीड)

गोदाकाठ भाऊ, समदं बरोबर हाय, पण पहिल्या वीस मिनिटांत गेनबिटकॉइन ही बुडालेली योजना घातल्याबिगर पुढं जाऊ नका. आमच्याकडं मल्टिस्टेटमध्ये पैसे अडकलेली माणसं हायेत. त्यांच्या कानावर 'डिजिटल' पडलं की ते उठून जायलेत, नाहीतर उलट, तिकडचं नुकसान इकडं भरून काढू म्हणून आशेनं यायलेत. दुसरा प्रकार जास्त वंगाळ.

गेनबिटकॉइनचं गणित फळ्यावर मांडा. महिन्याला १० टक्के, १८ महिने, तेही बिटकॉइनमध्येच. म्हणजे १ दिलं की १.८ परत. नाव क्लाउड मायनिंगचं, म्हंजे दूरच्या यंत्रांवर नवी नाणी कमावून देतो असं. जुलै २०१६ मध्ये ब्लॉकचं बक्षीस २५ वरून १२.५ झालं, आणि जगभर यंत्रं वाढत गेली तशी एका यंत्राची कमाई बिटकॉइनमध्ये मोजली तर घटतच गेली. घटत्या कमाईतून ठरलेले १० टक्के कुठून येणार, हा प्रश्न लोकांकडूनच काढून घ्या, सांगू नका. पुढं गुंतवणूकदारांच्या हातावर बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं टोकन ठेवलं गेलं, आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी प्रवर्तक अमित भारद्वाजला अटक केली. वनकॉइन या दुसऱ्या योजनेची तऱ्हा वेगळी, त्याला खरी ब्लॉकचेन, म्हंजे ब्लॉकांची साखळीच नव्हती. नवी मुंबई पोलिसांनी एप्रिल २०१७ मध्ये त्यांच्या सभेवर छापा घातला. सूत्रधार रुजा इग्नातोवा ऑक्टोबर २०१७ पासून बेपत्ता.

दोन्हींचा फरक समजून सांगा. पहिल्यात नाणं खरं होतं, योजना खोटी. दुसऱ्यात नाणंच खोटं. लोक फक्त 'नाणं खरं हाय का' एवढंच इचारतात, म्हणून पहिल्या प्रकारात फसतात.

कायदा: अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा २०१९. अशा योजनेत पैसे लावा म्हणून नुसतं सुचवलं, जाहिरात केली, तरी १ ते ५ वर्षं कैद आणि २ ते १० लाख दंड. पैसे घेतले तर २ ते ७ वर्षं. म्हणून आयोजकानं कुणाचेही पैसे 'मी घेऊन ठेवतो' म्हणायचं नाही. आणि एक्स्चेंजचा (नाणी खरेदी-विक्रीच्या ॲपचा) रेफरल कोड पत्रकावर छापायचाच नाही. तो छापला की तुम्ही बी एजंटच.

कयाधू (हिंगोली)

आमच्या भागात बिटकॉइनपेक्षा 'पाय' या फोन ॲपवरच्या नाण्याचे लोक जास्त आहेत. रोज बटण दाबायचं, माणसं जोडायची. शिबिरात पहिला प्रश्न हाच येणार. काय सांगावं?

दुधना (परभणी)

१४ मार्च २०१९ ला सुरू झालं, खुलं जाळं २० फेब्रुवारी २०२५ ला. त्याआधीची जवळपास सहा वर्षं बटण दाबून जमवलेलं काहीच बाहेर हलवता येत नव्हतं. बटण दाबल्याने फोनवर मायनिंग होत नाही. बिटकॉइनमध्ये मायनिंग म्हणजे वीज खर्चून, नवा ब्लॉक जोडायला लागणारा हॅश नावाचा आकडा शोधणं. इथे फक्त हजेरी लागते, आणि जोडलेल्या माणसांवर दर वाढतो. एकूण मर्यादा १०० अब्ज. हलवण्याआधी ओळख पडताळणी लागते, म्हणजे आधार किंवा तसला कागद परक्या कंपनीकडे. 'खोटं' असं म्हणू नका, भांडण होतं. 'तुमचं पाय आज कोणत्या किमतीला, कुणाला, कसं विकलं जातं ते दाखवा' एवढं विचारा.

तेरणा (धाराशिव)

सगळे बिटकॉइनच्याच बाजूचे दिसताहात, म्हणून प्रतिस्पर्ध्यांची बाजू मांडते.

दुकानात दाखवायला बिटकॉइनची मुख्य साखळी गैरसोयीची आहे, हे मान्य करा. लाइटकॉइन २०११ पासून चालू आहे, ब्लॉक अडीच मिनिटांचा, मर्यादा ८ कोटी ४० लाख, फी नगण्य. बिटकॉइन कॅश १ ऑगस्ट २०१७ ला याच भांडणातून फुटलं: ब्लॉक मोठा करा, फी कमी ठेवा. नॅनो या नाण्याला फीच नाही, व्यवहार सेकंदाभरात पक्का, आणि ते वाटलंही गेलं कॅप्चा ('मी रोबो नाही' ही कोडी) सोडवणाऱ्यांना, ऑक्टोबर २०१७ पर्यंत. तळागाळातला प्रसार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

प्रसाराच्या पैशाचं गणित डॅश या नाण्याने मांडलं. ब्लॉकच्या बक्षिसातला ठराविक वाटा, सुरुवातीला १० टक्के, निधीत जायचा आणि कुठल्या प्रचाराला द्यायचा ते मास्टरनोडवाले (ठराविक नाणी अडकवून जाळं चालवणारे) मतदानाने ठरवायचे. बिटकॉइनमध्ये तसा निधी नाही, म्हणून पत्रकाचा खर्च गोदाकाठ यांच्या खिशातून. डोजकॉइनवाल्यांनी २०१४ मध्ये जमैकाच्या बॉबस्ले संघाला सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकला पाठवायला सुमारे ३० हजार डॉलर जमवले होते. नाणं थट्टेतून निघालेलं, पण माणसं हलवली.

गोदाकाठ (नांदेड)

तेरणाताई, मुद्दा रास्त आहे. पण डॅशच्या पद्धतीची दुसरी बाजूही आहे. प्रचाराला निधी असला की निधीसाठीच प्रचार करणारे तयार होतात. किती सभा, किती फोटो, किती ॲप उतरवली, याचे अहवाल जातात. सहा महिन्यांनी किती जण वापरताहेत हे कुणी विचारत नाही. एल साल्वादोर देशाने बिटकॉइन कायदेशीर चलन केलं, तेव्हा सप्टेंबर २०२१ ला सरकारी चिवो वॉलेटवर ३० डॉलर दिले. अनेकांनी ते खर्चले आणि ॲप सोडून दिलं. त्याच देशातलं एल झोंते हे किनाऱ्यावरचं गाव बघा: तिथे २०१९ पासून पोरांना साफसफाईसारख्या कामाचे पैसे सॅटमध्ये दिले गेले आणि दुकानांनी ते घेतले. कमाई आणि खर्च दोन्ही टोकं गावातच होती. आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या संसदेने दुरुस्ती करून बिटकॉइन स्वीकारण्याची सक्तीच काढून टाकली. बक्षीस देऊन माणूस येतो, टिकत नाही.

फीचं मान्य. हिशेबापुरता १ बिटकॉइन ८० लाख रुपये धरला तर १ सॅट म्हणजे ८ पैसे. १४१ व्हीबाइटचा व्यवहार व्हीबाइटला १ सॅट दराने ११ रुपयांत जातो, १० सॅट दराने ११३ रुपयांत. २० एप्रिल २०२४ ला हाल्व्हिंगनंतर (बक्षीस निम्मं झाल्यावर) लगेच दर शेकडो सॅटवर गेले होते. चहाचे पैसे असे द्यायचे नसतात, त्यासाठी लाइटनिंग आहे, म्हणजे मुख्य साखळीबाहेर झटपट पाठवायचं जाळं. पण तिथेही एक खोच आहे. ज्याच्या चाव्या (ते बारा शब्द) तुमच्याकडेच राहतात अशा लाइटनिंग वॉलेटमध्ये पहिल्यांदा पैसे घेताना चॅनल, म्हणजे देवघेवीचा मार्ग, उघडावं लागतं, आणि त्याची फी आलेल्या रकमेतून कापली जाते. १,००० सॅट पाठवले आणि चॅनलला ३,००० लागणार असतील तर काही दिसतच नाही. लोक म्हणतात चालत नाही. चाव्या कंपनीच्या ताब्यात असलेलं वॉलेट लगेच चालतं, पण मग ती ठेवच झाली. शिबिरात लाइटनिंग दाखवायचंच असेल तर आधी चॅनल उघडलेले दोन फोन आयोजकाने आणावेत.

मांजरा (लातूर)

तुम्ही लाइटकॉइन की बिटकॉइन यावर भांडताय. मोंढ्यात खरा प्रतिस्पर्धी भिंतीवर चिकटवलेला क्यूआर आहे. यूपीआय २०१६ पासून आहे, साध्या फोनसाठी मार्च २०२२ पासून १२३पे आहे, गिऱ्हाइकाला फी नाही. ऊसतोडीला कर्नाटकात गेलेला माणूस गावाकडे पैसे धाडतो ते पाच सेकंदांत पोचतात. पैसे पाठवणं एवढंच कारण सांगून बिटकॉइन इथे कुणाच्या गळी उतरणार नाही. डिजिटल रुपयाचा किरकोळ प्रयोग १ डिसेंबर २०२२ पासून चालू आहे, तो तर रिझर्व्ह बँकेचाच पैसा, विकेंद्रित काही नाही त्यात.

आणि ज्यांना खरंच क्रिप्टो वापरायचंय ते वापरतात यूएसडीटी, म्हणजे डॉलरला बांधलेलं नाणं, ट्रॉन नावाच्या जाळ्यावर. त्याबद्दल शिबिरात सांगायलाच हवं, कारण नुकसान तिथे होतंय.

एक: यूएसडीटी हे टेथर कंपनीचं नाणं आहे, कंपनी पत्ता गोठवू शकते. दोन: ट्रॉनवरून पाठवायला फी ट्रॉनच्याच नाण्यात लागते, नुसतं यूएसडीटी असेल तर अडकून पडतं. तीन, आणि हेच महत्त्वाचं: पी-टू-पी विक्री, म्हणजे ॲपवर थेट अनोळखी माणसाला विकणं. समोरच्याने तुमच्या खात्यात यूपीआयने पैसे टाकले, तुम्ही यूएसडीटी सोडलं. ते पैसे भलत्याच राज्यात कुणाला फसवून आणलेले असतील तर तो माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, पोलीस पैशाचा माग काढत तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँक तेवढी रक्कम किंवा अख्खं खातं गोठवते. सोयाबीनची पट्टी त्याच खात्यात येणार असेल तर तीही अडकते. सोडवायला त्या राज्यातल्या तपास अधिकाऱ्याशी पत्रव्यवहार, नाहीतर कोर्ट. पाठवणाऱ्याचं बँकेतलं नाव ॲपवरच्या नावाशी जुळलं नाही तर नाणी सोडायची नाहीत, ऑर्डरचा तपशील आणि यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक जपून ठेवायचा. तरीही धोका जात नाही, कमी होतो. शेतीचं, पगाराचं खातं यासाठी वापरायचंच नाही.

खाम (छत्रपती संभाजीनगर)

कराचं थोडक्यात लिहितो, कारण 'दुकानदारांना बिटकॉइन घ्यायला लावू' ही कल्पना इथेच अडते.

१ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या (व्हीडीए) नफ्यावर सरसकट ३० टक्के, उपकर धरून ३१.२. खरेदी किंमत सोडून दुसरा खर्च वजा होत नाही. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस, आणि ही जबाबदारी नाणी विकत घेणाऱ्याची.

आता चहावाला घ्या. गिऱ्हाइकाने १०० रुपयांना घेतलेले सॅट आज १३० चे झाले आणि त्याने त्यातून १३० रुपयांचा नाश्ता केला. कराच्या नजरेत त्याने सॅट विकले. ३० रुपये नफा, कर ९ रुपये ३६ पैसे, आणि विवरणपत्रातल्या व्हीडीएच्या तक्त्यात त्याची नोंद. रोज सकाळी एक नोंद! चहावाल्याने नाणी घेतली म्हणजे तो खरेदीदार. व्यवसायाची उलाढाल १ कोटीच्या आत असलेल्या व्यक्तीला वर्षाला ५०,००० पर्यंत टीडीएसची भानगड नाही, त्यापुढे आहे. मालावरचा जीएसटी रुपयातल्या किमतीवर नेहमीसारखाच.

आयोजकांसाठी आणखी एक. लोकांकडून रोख घेऊन त्यांना नाणी देणं, किंवा उलट, हे धंदा म्हणून केलं तर ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागतो. एफआययूकडे (सरकारचा आर्थिक गुप्तवार्ता विभाग) नोंदणी, ओळख पडताळणी, नोंदवही, सगळं. 'शिबिरानंतर पाच-दहा जणांना मीच घेऊन दिले' या वाक्याचा पुढे त्रास होऊ शकतो.

आणि 'बिटकॉइनवर बंदी आहे ना?' हे प्रत्येक ठिकाणी विचारतात. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टो व्यवसायांना सेवा देऊ नका असं सांगितलं होतं. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. बाळगायला बंदी नाही, पण ते कायदेशीर चलनही नाही. दोन्ही अर्धी वाक्यं एकत्रच सांगा.

कुंडलिका (जालना)

मायनिंगचं कुणी काढलं नाही. आमच्याकडे एमआयडीसीत शेड आहेत, विजेची जोडणी आहे. शिबिरात ते विचारणारे दहा जण तरी असतात.

दुधना (परभणी)

कुंडलिका सर, फळ्यावर हेच मांडा. सेकंदाला २०० टेराहॅश (२०० लाख कोटी प्रयत्न) करणारं एस२१ मायनिंग यंत्र ३,५०० वॅट खातं, दिवसाला ८४ युनिट. ८ रुपये दराने ६७२ रुपये, १० रुपये दराने ८४०. जगाचं एकूण मायनिंगचं बळ १ झेटाहॅश धरा, म्हणजे अशी ५० लाख यंत्रं. दिवसाला १४४ ब्लॉक, ४५० बिटकॉइन, फी वेगळी. एका यंत्राच्या वाट्याला सुमारे ९,००० सॅट. वरच्याच ८० लाखांच्या भावाने ७२० रुपये. यंत्राची किंमत, पंखे, बंद पडणं हे अजून धरलेलंच नाही. आणि खाम सरांनी लिहिलेलं इथेही लागतं: पुढे ती नाणी विकताना विजेचं बिल खर्च म्हणून दाखवता येत नाही.

एप्रिल-मेच्या ४२ अंशांत हवेवर थंड होणारी यंत्रं वेग कमी करतात किंवा बंद पडतात. आवाज ७५ डेसिबलच्या घरात, वस्तीत ठेवता येत नाही. शेतीपंपाच्या जोडणीवर लावू असं म्हणणारा एक तरी निघतोच. त्याला विद्युत कायदा २००३ चं कलम १२६ सांगा: अनधिकृत वापर, दुप्पट दराने आकारणी.

कयाधू (हिंगोली)

मायनिंग नाही तर निदान नोड तरी? वाचनालयात एक कायमचा ठेवला तर दाखवायला बरं पडेल.

दुधना (परभणी)

नोड जरूर. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) ४ किंवा ५, ८ जीबी, सोबत एसएसडी डिस्क. (हा पाय वेगळा, त्या बटणवाल्यांना आधीच सांगून टाका.) पूर्ण साखळी ६०० जीबीच्या पुढे गेली आहे, म्हणून २ टीबी घ्या, १ टीबी काही वर्षांत भरेल. रोजच्या २ जीबी मोबाइल डेटावर ही साखळी उतरायला वर्ष जाईल, त्यामुळे फायबर असलेल्या घरी सिंक करून, म्हणजे सगळी साखळी उतरवून, मग वाचनालयात न्या. पायवर त्याला काही दिवस लागतात. डिस्क लहान असेल तर 'प्रून ५५०' ही सेटिंग ठेवून चालतं. सगळी साखळी तपासली जाते, फक्त जुने ब्लॉक साठवले जात नाहीत.

मराठवाड्यात नोड मरतो तो लाइटीने. सिंक लवकर व्हावं म्हणून डीबीकॅश (नोडला दिलेली मेमरी) ४,००० करतात. मग ताजी माहिती बराच वेळ मेमरीतच राहते, आणि लाइट गेली की शेवटी डिस्कवर लिहिलं तिथपासून पुन्हा सुरुवात. नशीब वाईट असेल तर डेटाबेसच बिघडतो आणि रीइंडेक्स (साखळीची पुन्हा मांडणी) करावं लागतं, पुन्हा काही दिवस. राउटरचा मिनी यूपीएस १२ व्होल्टचा असतो, तो पायला चालत नाही. पायसाठी ५ व्होल्टचा वेगळा घ्या किंवा सगळं इन्व्हर्टरवर टाका. सिंक झालं की डीबीकॅश खाली आणा. एसएसडी चांगल्या केसमध्ये हवी. स्वस्त यूएसबी केसला पायकडून पुरेशी वीज मिळत नाही, डिस्क मधेच सुटते आणि लोक दोष सॉफ्टवेअरला देतात.

बिंदुसरा (बीड)

पत्रकावर काय छापायचं ते ठरवा आता.

खाम (छत्रपती संभाजीनगर)

जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या ॲस्की या संस्थेचे नियम एप्रिल २०२२ पासून आहेत. ते क्रिप्टो विकणाऱ्यांच्या जाहिरातींसाठी असले तरी पत्रकालाही पाळलेले बरे. जाहिरातीत 'चलन' शब्द वापरायचा नाही. हे अनियंत्रित आहे, फार जोखमीचं असू शकतं आणि नुकसान झाल्यास नियामकाकडे दाद मागायची सोय नसेल, हा इशारा द्यायचा. परतावा, दुप्पट, संधी हे शब्द नकोत. 'वॉलेट सुरक्षित कसं ठेवावं आणि फसवणूक कशी ओळखावी: प्रात्यक्षिक' असं शीर्षक ठेवा. खाली: प्रवेश फुकट, कोणतीही खरेदी-विक्री होणार नाही, पैसे आणू नयेत. पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत एकेक प्रत आधी देऊन ठेवा. सायबर शाखेचा माणूस दहा मिनिटं १९३० बद्दल बोलायला आला तर फारच उत्तम.

मांजरा (लातूर)

'पैसे आणू नयेत' ही ओळ सगळ्यात मोठ्या अक्षरात छापा. मोंढ्यात असं पत्रक कुणी पाहिलेलं नाही, त्यानेच लोक येतील.

गोदाकाठ (नांदेड)

सगळ्यांचं घेतो. क्रमात बदल: गेनबिटकॉइनचं गणित सुरुवातीला, कराचं उदाहरण आणि पी-टू-पीचा धोका शेवटच्या पंधरा मिनिटांत, लाइटनिंग फक्त दोन फोनांवर दाखवायला. लाइटकॉइन, नॅनो, डॅशवर तेरणाताईंनी एक पान लिहून द्यावं, ते कार्डासोबत वाटू. विरोधी पान त्या बाजूच्या माणसानेच लिहिलेलं बरं.

तारखा: सोयाबीनच्या सुगीत, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, कुणी येणार नाही. ऊसतोडीची घरं दिवाळीच्या आगेमागे निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडालाच परततात. पेरण्या आटोपल्यावरचा ऑगस्ट, नाहीतर, ऊसतोडीची घरं सोडून, जानेवारी-फेब्रुवारी. आठवडी बाजाराचा वार टाळायचा. पहिलं शिबिर पूर्णेला (जि. परभणी) धरू. दुधना, साइनेटची नाणी जमवायला आत्तापासून लागा, आणि तुमच्याकडचं ५ व्होल्टचं यूपीएस कोणतं ते इथे लिहा.

दुधना (परभणी)

नाणी जमवायला आजच लागतो. पाय ४ साठी यूपीएस १८६५० प्रकारचे दोन लिथियम सेल, ५ व्होल्ट ३ अँपिअर जावक असलेलं घ्या. २ अँपिअरवर पाय ४ चालू होतो, पण एसएसडी लावली की व्होल्टेज कमी पडल्याचा इशारा येतो.